वाहण्याचे वजन आणि धरण्याचे वजन : वऱ्हाडातील बंदुकीपासून एअर रायफलीपर्यंत

एअर रायफल म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर छरा सोडणारी आणि नळीच्या आत पिळदार आटे कोरलेली बंदूक. दहा मीटर अंतराच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या अशा रायफलीचे वजन, निशाण साधण्याच्या साधनांसह, ५.५ किलोग्रॅमपेक्षा अधिक असू नये असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम आहे. उलट जत्रेत फुगे फोडण्यासाठी मांडलेली छऱ्याची बंदूक बहुधा अडीच-तीन किलोंची असते. एकाच जातीच्या दोन शस्त्रांच्या वजनात जवळजवळ दुपटीचे अंतर का पडले, याचे उत्तर यंत्रशास्त्रात जितके आहे तितकेच इतिहासातही आहे. बंदूक ही शतकानुशतके चालत जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावरची वस्तू होती आणि तिचे वजन त्याच्या पायपिटीवरून ठरत असे. ते वाहण्याचे वजन होते. स्पर्धेच्या एअर रायफलीने पायपीट संपवली आणि वजनाला दुसरेच काम दिले, ते म्हणजे नेम धरलेल्या क्षणी नळी स्थिर ठेवण्याचे. या स्थित्यंतराचा माग घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे ठिकाण सोयीचे आहे, कारण सैन्य, शिकार, रेल्वे, शस्त्रबंदीचा कायदा आणि राष्ट्रीय छात्र सेना हे या कथेतील सर्व टप्पे या गावाच्या आसपास घडले किंवा या गावापर्यंत पोहोचले.

खामगाव वसले आहे वऱ्हाडाच्या पायनघाटात, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला पसरलेल्या काळ्या मातीच्या सखल पट्ट्यात. या पट्ट्याच्या उत्तर कडेला, आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि त्यानंतर सोळाच दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगडही पडला. अडगावच्या लढाईत इंग्रजी पायदळाच्या हाती असलेली ‘ब्राउन बेस’ ही गारेच्या चापाची, नळीच्या तोंडातून बार ठासण्याची बंदूक साधारण साडेचार किलोंची होती. तिच्या वजनाचा अचूकतेशी फारसा संबंध नव्हता, कारण नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळी शंभर पावलांपलीकडे भरवशाने जातच नसे. शिपायाने ती दिवसभर वाहावी, वीसेक सेकंदांत पुन्हा भरावी आणि वेळ आल्यावर संगीन लावून तिचा भाला करावा, या तीन गरजांमधून तिचे वजन ठरले होते. देशी सैन्यांतील तोड्याच्या बंदुका, म्हणजे जळत्या वातीने बार पेटवणाऱ्या बंदुका, अनेकदा लांब नळीच्या असत आणि किल्ल्याच्या तटावर किंवा जमिनीत रोवलेल्या टेकूवर ठेवून झाडल्या जात. टेकू मिळाला की वजन हे ओझे राहत नाही, तो आधार होतो, हे तत्त्व त्या बरकंदाजांना, म्हणजे बंदूकधारी शिपायांना, अनुभवाने ठाऊक होते. आजच्या नेमबाजीचा निम्मा अभ्यास याच तत्त्वाभोवती फिरतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि त्यानंतर सातपुड्याच्या व मेळघाटाच्या जंगलांत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिकारीला मोकळे रान मिळाले. बंदुकीचे वजन किती असावे हा प्रश्न या काळात प्रथमच गंभीरपणे लिहिला-बोलला गेला. मध्य प्रांतात जंगल आणि जमाबंदीचे काम केलेला कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा अधिकारी ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८७१ च्या ग्रंथामुळे आजही वाचला जातो, पण त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. जड गोळी आणि मोठा बार वापरायचा असेल तर धक्का सोसण्यासाठी बंदूकही जड हवी, हा त्या पिढीच्या शिकाऱ्यांचा साधा हिशेब होता. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार जितका, तितकाच मागे येणाऱ्या बंदुकीचा, त्यामुळे बंदूक दुप्पट जड केली की तिचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि खांद्याला बसणारा दणका सौम्य होतो. तथापि या हिशेबातील एक पदर शिकारकथांमध्ये क्वचितच उलगडला जातो. साहेबाची जड रायफल साहेब वाहत नसे. ती वाहणारा गावातील किंवा पाड्यावरील माणूस असे, जो दिवसभर दगडधोंड्यांतून चालून योग्य क्षणी भरलेली बंदूक साहेबाच्या हाती देत असे. वजनाचा लाभ एकाच्या खांद्याला आणि भार दुसऱ्याच्या खांद्याला, अशी ही विभागणी होती, आणि जड बंदुकांची त्या काळातील प्रशस्ती वाचताना ती नजरेआड करणे अन्यायाचे आहे.

याच सुमारास खामगावचे रूप पालटत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सुरू झालेला येथील कापसाचा बाजार मोठा होत गेला. पूर्वी बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरकडे जाणारा वऱ्हाडी कापूस मुंबईकडे वळला आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला झाला. रेल्वेबरोबर स्वयंसेवक रायफल पलटणींची कल्पनाही आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची अशी पलटण होती आणि तिच्यात युरोपीय व अँग्लो-इंडियन कर्मचारी कवायत आणि नेमबाजी करत. निशाणावर गोळी मारणे हा युद्ध आणि शिकार यांपासून वेगळा, नियमांनी बांधलेला सराव असू शकतो, हे या भागात प्रथम दिसले ते अशा पलटणींमुळे. हिंदी माणसाला मात्र त्यांत सहसा प्रवेश नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले, युरोपीयांना त्यातून मोठी सूट दिली, आणि राष्ट्रीय सभेने, म्हणजे काँग्रेसने, १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, सभेचे अधिवेशन वऱ्हाडातच, अमरावतीला भरले, तेव्हाही स्थिती तीच होती.

या कायद्याचा परिणाम केवळ राजकीय नव्हता. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून ज्वारीचे पीक राखण्यासाठी रात्री जागल करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती गोफण, टेंभा आणि फार तर परवान्यावर मिळालेली ठासणीची एकनळी बंदूक उरली. नेम धरण्याची कला म्हणून बंदुकीशी ओळख होण्याचा मार्ग दोन पिढ्यांसाठी बंद झाला, आणि तो पुन्हा उघडला तो कायद्याच्या कचाट्यातून सुटलेल्या एका हलक्या शस्त्रामुळे.

ते शस्त्र म्हणजे हवेची बंदूक. ती अलीकडची क्लृप्ती नाही. भात्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या अशा बंदुका युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून होत्या. टायरॉलमधील बार्तोलोमेओ जिरार्दोनी याने रचलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास काही तुकड्यांना दिली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती, तिच्यात वीस-एकवीस गोळ्या एका वेळी मावत आणि तिचे वजन सुमारे साडेचार किलो, म्हणजे त्या काळच्या सैनिकी बंदुकीइतकेच होते. टाकी भरण्यासाठी हातपंपाचे शेकडो दट्टे मारावे लागत आणि टाकीला जरा तडा गेला की शस्त्र निकामी होई, म्हणून ते सैन्यात टिकले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील बी.एस.ए. आणि जर्मनीतील डायना या नावांनी विकल्या जाणाऱ्या बंदुकांनी दुसरा मार्ग धरला. त्यांत टाकी नसून पोलादी स्प्रिंग असते. नळी मधून मोडून खाली ओढली की स्प्रिंग आणि तिच्या पुढचा दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि ती छऱ्याला नळीबाहेर ढकलते. दारू लागत नाही, आवाज थोडा होतो आणि छरा स्वस्त असतो. भारतातही अशा बंदुका बनू लागल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये उभी केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी मुख्यतः सिमेंटच्या नळांसाठी प्रसिद्ध असली, तरी छऱ्याच्या बंदुकांचे उत्पादनही तिने केले आणि जुन्या बंदुकप्रेमींमध्ये ते नाव आजही घेतले जाते.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीही कमी ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवान्यातून सवलत राहिली. २०१६ च्या नियमांनी तिची सीमा आकड्यांत सांगितली, ती अशी की ४.५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास आणि वीस ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या बंदुकीला परवाना लागत नाही. ज्यूल हे ऊर्जेचे माप. स्पर्धेच्या रायफलीतून सुटणारा अर्ध्या ग्रॅमचा छरा आठ ज्यूलच्या आतबाहेर असतो. परवान्याच्या या सवलतीमुळे वऱ्हाडातील सामान्य मुलाच्या हाती आलेली पहिली बंदूक बहुधा यात्रेतील फुग्यांच्या फळीपुढची असे. ती हलकी असणे दुकानदाराच्या सोयीचे होते, कारण ती दहा वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना उचलता आली पाहिजे आणि दिवसभरात शेकडो वेळा मोडून भरता आली पाहिजे.

हाताळायला सोपी असलेली हीच बंदूक अचूकपणे झाडायला मात्र अवघड असते, आणि त्याचे कारण तिच्या वजनात दडलेले आहे. दारूच्या बंदुकीला एकच धक्का असतो, मागे येणारा. स्प्रिंगच्या बंदुकीला दोन धक्के असतात. दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे सरकते आणि दट्ट्या हवेच्या गादीवर थडकून थांबताना ती पुढे हिसका खाते. हे सर्व छरा नळीतून बाहेर पडण्याच्या आत घडते. दट्ट्या आणि स्प्रिंग यांचे वजन काही शे ग्रॅम असते, म्हणून अडीच किलोंच्या बंदुकीत हा हिसका चांगलाच जाणवतो आणि तिला घट्ट आवळणाऱ्याचा नेम अधिकच बिघडतो, कारण प्रत्येक वेळी पकड थोडी निराळी असली की उसळीही निराळी होते. यात्रेतील फुगा हुकला की दोष नेमाला दिला जातो. बऱ्याचदा तो हलक्या बंदुकीच्या या दुहेरी हालचालीचा असतो.

स्पर्धेच्या रायफलीची घडण या अडचणीशी झुंज देतच झाली. दहा मीटर एअर रायफल हा प्रकार १९६६ मध्ये जागतिक स्पर्धेत आणि १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आला. त्याच काळाच्या आसपास जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील फाइनवेर्कबाउ या कारखान्याने नळी आणि दट्ट्या यांचा संपूर्ण संच दस्त्यावरील रुळांवर मागे सरकेल अशी योजना केली, जेणेकरून धक्का दस्त्यापर्यंत, म्हणजेच नेमबाजाच्या गालापर्यंत आणि खांद्यापर्यंत पोहोचूच नये. पुढे एका दट्ट्यात हवा दाबून ठेवणाऱ्या आणि त्यानंतर दोनशे बार दाबाच्या हवेच्या नळकांड्यावर चालणाऱ्या रायफली आल्या आणि धक्का जवळजवळ नाहीसा झाला. धक्का गेल्यावर वजनही घटायला हवे होते, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात नेमबाजांनी ते घटवले नाही. उलट नळीवर आणि दस्त्यात लहान लहान वजने बसवण्याची सोय मागितली.

याचे कारण समजण्यासाठी निशाणाची मापे पाहावी लागतात. दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे लेखणीच्या टिंबाएवढे असते. छऱ्याच्या कडेने त्याला नुसता स्पर्श केला तरी दहा गुण मिळतात, म्हणून साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतो. दहा मीटरवर अडीच मिलिमीटर म्हणजे, निशाणाच्या दोन साधनांत साधारण ऐंशी सेंटिमीटरचे अंतर धरल्यास, पुढच्या टोकाची केवळ ०.२ मिलिमीटर हालचाल. माणसाचा जिवंत हात यापेक्षा कितीतरी अधिक हलतो. त्याचे हलणे दोन प्रकारचे असते. स्नायूंचा बारीक थरथराट सेकंदाला आठ ते बारा वेळा होतो, आणि उभ्या शरीराचा संथ झोका एकदोन सेकंदांत एकदा येतो. जड वस्तू चटकन हलत नाही, म्हणून रायफलीचे वजन पहिल्या प्रकारचा थरथराट आणि नाडीचे ठोके गिळून टाकते. संथ झोक्यावर मात्र वजनाचा इलाज चालत नाही, त्यासाठी पायांची ठेवण आणि श्वासच सुधारावा लागतो. त्यापुढची अडचण अशी की स्नायू थकला की त्याचा थरथराट वाढतो. म्हणजे वजन एका हद्दीपर्यंत नेम स्थिर करते आणि त्या हद्दीपलीकडे तेच नेम बिघडवते, आणि ती हद्द प्रत्येक शरीराची वेगळी असते.

वजन किती यापेक्षा ते कोठे आहे याला अधिक महत्त्व आहे, आणि नवख्याला हे उशिरा कळते. शंभर ग्रॅमचे वजन आधाराच्या हातापासून दहा सेंटिमीटरवर बसवले आणि नंतर तेच साठ सेंटिमीटरवर नेले, तर रायफलीच्या एकूण वजनात फरक पडत नाही, पण नळीचे टोक फिरवण्यास ते वजन जो विरोध करते तो छत्तीस पट होतो, कारण हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नळीचे टोक त्यामुळे शांत होते. मात्र त्याबरोबर पुढचा भार हातावर आणि कमरेवर वाढतो, आणि काळ्या वर्तुळापासून भरकटलेला नेम परत आणायला वेळ लागतो. शिकारीत, जेथे निशाण स्वतःच पळत असते, असा पुढे झुकलेला तोल घातक ठरला असता. स्थिर निशाणासाठी तो वरदान ठरतो.

उभ्याने झाडायच्या दहा मीटर प्रकारात स्लिंग, म्हणजे दंडाला बांधून रायफलीचा भार पेलणारा पट्टा, वापरता येत नाही. म्हणून नेमबाज डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो, पाठ किंचित मागे आणि उजवीकडे वाकवतो आणि रायफलीचे वजन तळहातातून, मनगटातून, कोपरातून, कंबरेतून सरळ पायांत उतरवतो. भार हाडांनी पेलायचा, स्नायूंनी नव्हे, हे येथले सूत्र. तटावर तोड्याची बंदूक टेकवणाऱ्या बरकंदाजाची जागा येथे नेमबाजाच्या कमरेच्या हाडाने घेतली आहे.

हे सर्व ज्ञान महाराष्ट्रात कोणत्या वाटेने आले, याचा विचार करता दोन नावे पुढे येतात. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. राष्ट्रीय अजिंक्यपदापूर्वीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. दुसरे नाव संस्थेचे, राष्ट्रीय छात्र सेनेचे, जी १९४८ मध्ये उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग सुरू झाला. खामगाव हे या सेनेच्या १३ महाराष्ट्र बटालियनचे ठाणे आहे. शस्त्र कायद्याने ज्या प्रदेशातील तरुणांपासून बंदूक दूर ठेवली, त्याच प्रदेशात सरकारनेच ती त्यांच्या हाती दिली, ही घटना वऱ्हाडाच्या सामाजिक इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. छात्रसैनिकांच्या हातातली .२२ रायफल हवेची नव्हे, काडतुसाची. पण तिचे वजन पावणेतीन किलोंच्या आसपास, म्हणजे सैनिकी रायफलीहून बरेच कमी असते आणि ती बहुतांशी पालथे झोपून, पंचवीस यार्डांवरून झाडली जाते. झोपून झाडताना भार दोन्ही कोपरांतून जमिनीत जातो, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या सडपातळ मुलीलाही तीच रायफल पेलते आणि पहिल्याच दिवशी पाच गोळ्यांचा जवळ जवळ पडलेला गट पाहून तिला स्वतःच्या क्षमतेचा भरवसा वाटतो. नेमबाजीत मुली मुलांच्या बरोबरीने आल्या, त्याचे मोठे श्रेय या झोपून झाडण्याच्या पद्धतीला द्यावे लागेल.

मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्र सेनेतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली वेदपाठक, पुढे अंजली भागवत, यांची वाटचाल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. वरळीच्या रेंजवर प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली घडलेल्या भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलीची अंतिम फेरी गाठली आणि २००२ मध्ये त्या प्रकारात जगात पहिले स्थान मिळवले. त्यांच्या पाठोपाठ सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण नोंदवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्सची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन, म्हणजे झोपून झाडण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. या स्त्रियांनी वजनाविषयीचा एक जुना समज निकालात काढला. रायफल जड म्हणून ती बळकट पुरुषी शरीराला शोभते, असा तो समज होता. रुंद कंबरेवर कोपर सहज टेकते आणि शरीराचा गुरुत्वमध्य खाली असल्याने उभे राहण्यात स्थैर्य असते, त्यामुळे उभ्याने एअर रायफल धरण्याच्या कामी स्त्रीचे शरीर कुठेही उणे पडत नाही, हे त्यांनी गुणपत्रिकेवर दाखवून दिले. तरीही २०१७ पर्यंत स्त्रियांना चाळीस आणि पुरुषांना साठ फैरी असा भेद नियमांत राहिला. २०१८ पासून दोघांनाही साठ फैरी आणि पंचाहत्तर मिनिटे मिळू लागली.

साठ फैरी या आकड्याचा वजनाशी असलेला संबंध प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक फैरीआधी रायफल स्टँडवरून उचलावी लागते. ती पाच किलोंची धरली तरी एका सामन्यात किमान तीनशे किलो, म्हणजे खामगावच्या बाजारातल्या तीन क्विंटल कापसाएवढे वजन नेमबाजाच्या हातांतून जाते, आणि सरावाच्या फैरी व मन न लागल्याने अर्ध्यावर सोडलेले नेम यांची भर त्यात पडते. वाहण्याचे वजन संपले, असे वर म्हटले ते म्हणूनच पूर्णतः खरे नाही. ते थोडे थोडे करून परत आले आहे. त्याचा परिणाम पाठीच्या खालच्या मणक्यांवर होतो, कारण मागे झुकलेल्या स्थितीत तेथील सांधे एकाच बाजूने दाबले जातात. कॅनव्हास आणि चामडे यांचे ताठ जॅकेट व विजार हा भार काही अंशी कपड्यावर घेतात, पण वऱ्हाडात, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झुकतो, असे जॅकेट घालून सव्वा तास उभे राहणे ही वेगळीच परीक्षा असते. विदर्भातील मुलामुलींच्या गुणांची मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित रेंजवरच्या गुणांशी तुलना करताना हे ध्यानात घेतले जावे.

महाराष्ट्राच्या पुढच्या पिढीने धरण्याच्या वजनाचा अभ्यास आणखी पुढे नेला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलीचा जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या दुसऱ्या प्रकारात पुरुषांची रायफल आठ किलोंपर्यंत असू शकते आणि तीच गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने झाडावी लागते, त्यामुळे स्थिती बदलली की दस्त्याची लांबी, गालाचा टेकू आणि वजनांची जागाही बदलावी लागते. कुसाळे याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात उतरलेल्या मुंबईच्या नेमबाज होत, म्हणजे एका पिढीच्या शरीराने कमावलेले ज्ञान येथे दुसऱ्या पिढीला मिळाले.

खुद्द बुलढाणा जिल्ह्याने नेम धरण्याच्या विद्येत नाव कमावले ते मात्र धनुष्याने. बुलढाण्याचा प्रथमेश जावकार याने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवून सुवर्णपदक जिंकले आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सांघिक सुवर्णातही त्याचा वाटा होता. कंपाउंड धनुष्य म्हणजे टोकांना चकल्या बसवलेले धनुष्य. त्याचा ताण साठ पौंडांपर्यंत असू शकतो, पण दोरी पूर्ण ओढल्यावर चकल्या फिरून त्यातील बराचसा भार स्वतःवर घेतात आणि धनुर्धराच्या बोटांवर थोडाच उरतो. त्याच्या पुढे निघालेली लांब दांडी आणि तिच्या टोकावरची वजने हे एअर रायफलीच्या नळीवरील वजनांचेच दुसरे रूप आहे. तेथेही अंतराच्या वर्गाचा तोच नियम धनुष्याचा थरथराट शमवतो.

आता प्रश्न उरतो तो खामगाव, शेगाव, मलकापूर अशा गावांतील शाळकरी नेमबाजाच्या हाती कोणती रायफल द्यावी हा. शालेय स्पर्धांत ओपन साइट, म्हणजे उघड्या खाचेतून नळीच्या टोकावरची माशी पाहून नेम धरण्याचा, आणि पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून पाहण्याचा, असे दोन गट असतात. पहिल्या गटात बहुधा देशी बनावटीची स्प्रिंगची रायफल असते, जिचा तोल बदलता येत नाही. दुसऱ्या गटात आयात केलेली, काही लाखांची रायफल लागते आणि ती बऱ्याचदा वापरलेली, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरासाठी जुळवलेली मिळते. बारा-तेरा वर्षांच्या, चाळीस किलोंच्या मुलाला साडेपाच किलोंची रायफल देणे म्हणजे त्याच्या वजनाचा सातवा हिस्सा त्याच्या एका कोपरावर ठेवणे. असा मुलगा दोन महिन्यांत गुण वाढवतो आणि दोन वर्षांत पाठ धरून बसतो. त्याने चार किलोंच्या आसपासच्या, आखूड दस्त्याच्या रायफलीपासून आरंभ करावा, पहिले वर्ष, नळीवरील सर्व वजने काढून टाकून, कोपर कमरेवर नीट बसवण्यात जावे, आणि नेमाचा गट लहान होऊ लागला की एकेक वजन, प्रथम हाताजवळ आणि मगच पुढे, बसवत जावे. वाढत्या वयाच्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी बदलते, म्हणून दस्त्याची लांबीही तितक्याच वेळा मोजून पुन्हा बसवावी लागते; क्लबच्या एकाच रायफलीवर दहा मुले सराव करत असतील तर प्रत्येकाच्या नावापुढे त्याची मापे लिहिलेली वही रायफलीच्या पेटीत ठेवावी आणि फैरी सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे ती मापे लावण्यासाठी द्यावीत.